अनुकंपी

बेडकाचं डोकं काढलेलं असतं.
मांडीवर आम्लात भिजवलेला कागदाचा तुकडा ठेवला
की तो पाय उचलतो आणि कागद झटकून टाकतो.
दरवर्षी पहिल्या वर्षाची मुलं दचकतात.
दरवर्षी मी फळ्यावर लिहिते :
हे मज्जारज्जूचं काम. यात मन नाही.
आणि खडू खाली ठेवताना
सगुणा टोणगे आठवते.

इंदूरचं एमवाय, चौथा मजला, त्र्याऐंशीचा मे.
माणिक टोणगे, मिलच्या बॉयलर खात्यातला फिटर,
शिडीवरून पडलेला. छातीचा चौथा मणका.
माझ्या प्रबंधात : रुग्ण क्रमांक सात.
किल्लीच्या टोकानं मी त्याच्या तळव्यावर रेघ ओढली.
अंगठा सावकाश वर आला,
मागच्या बाकावरच्या पोरानं भीतभीत हात वर करावा तसा.
सगुणानं पाहिलं.
मी वहीत अधिक चिन्ह काढेपर्यंत
ती जिना उतरली होती.
संध्याकाळी वॉर्डभर मावाबाटी,
अकरा खाटा, दोन आया, लिफ्टवाला.
मीही खाल्ली.
हे मी कुठंच नोंदवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगितलं :
पाय हलला, पण त्यांनी हलवला नाही.
निरोप वर गेलाच नाही, खालच्या खाली उत्तर आलं.
ती म्हणाली, म्हणजे मालक गावाला
आणि दार चौकीदारानं उघडलं?
साधारण तसंच, मी म्हटलं.
चौकीदार तर आहे ना, म्हणाली,
आणि पाय चेपायला बसली.

मी घाम मोजत होते.
कपाळ, तळहात, पोटरी : तीन तारा, एक थरथरती सुई.
परिभाषेच्या कोशात या संस्थेचं नाव वाचलं होतं,
अनुकंपी,
आणि हसू आलं होतं.
कसली अनुकंपा?
काळजाला चाबूक मारायचा,
अंगावर काटा आणायचा,
पोटातलं रक्त पळवून पायांत घालायचं
आणि म्हणायचं, पळ.
ज्याला पळता येत नाही, त्यालाही.

एका रात्री वीज गेली. सुई शून्यावर.
मॅडम, सगुणाची हाक आली,
यांच्या वरच्या ओठावर घाम आलाय.
डोकं ठणकतंय म्हणतात.
खाली काहीतरी तुंबलंय.
बॅटरीच्या उजेडात मी रक्तदाब घेतला : दोनशे वीस.
पारा उतरायच्या आत तिनं चादर वर केली होती.
मांडीखाली नळी दुमडलेली.
तिनं ती सरळ केली.
बाटलीत आधी थेंब, मग धार,
आणि माणिक म्हणाला, हां, गेलं.
त्याला खालचं काहीच कळत नव्हतं, तरी म्हणाला.

तुला कसं कळलं?
बॉयलरवाल्याची बायको आहे, मॅडम.
वाफ वर दिसली की व्हॉल्व्ह खाली बघायचा.

मग खाटेमागच्या दिनदर्शिकेवर तिच्या खुणा सुरू झाल्या.
घामाला टिंब, डोकेदुखीला फुली,
बाजूला वेळ, शेजारच्याच्या घड्याळातली.
माझ्या आलेखाशी ताडून पाहिल्या :
तिची टिंबं माझ्या सुईच्या चार-सहा मिनिटं आधीची.
निरीक्षक म्हणून तिचं नाव मी दुसऱ्या प्रकरणात घातलं.
सरांनी लाल शाईनं खोडलं,
समासात लिहिलं : व्यक्तिनिष्ठ.
मी वाद घातला नाही.
हात आपोआप मागे आला,
तव्याला लागून यावा तसा,
वर कुणालाही न विचारता.

माणिक टोणगे आणखी नऊ वर्षं जगला.
प्रबंधात ते नाही. प्रबंध चौऱ्याऐंशीत संपतो.

अनु म्हणजे सोबत, मागोमाग.
कंप म्हणजे थरथर.
एवढं समजायला मला
सुईऐवजी तिची टिंबं पाहावी लागली.

मॅडम, त्याला दुखतं का?
दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
मी पुस्तकातलं उत्तर देते.
मग चिमट्यानं कागद उचलते
आणि मांडी पाण्यानं धुते.
ते पद्धतीतच आहे. आम्ल राहू द्यायचं नसतं.

पद्धतीत एकदा सांगितलंय.
मी दोनदा धुते.